खटका कोणत्या हाताचा?

१८२५ साली धरणगावात भिल्ल पलटण उभी राहिली तेव्हा जेम्स आउट्रॅम जेमतेम बावीस वर्षांचा होता. खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात येऊन सातच वर्षं झाली होती. डोंगरांतले भिल्ल नव्या अंमलाला जुमानत नव्हते आणि त्यांच्यावर पाठवलेल्या फौजा तापाने आणि रानवाटांनी बेजार होऊन परतत होत्या. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदललं आणि याच भिल्लांना पगारी शिपाई करण्याचं काम या पोरसवदा लेफ्टनंटवर सोपवलं. पलटणीचं ठाणं धरणगाव. आउट्रॅम पुढे जनरल झाला, लखनौच्या वेढ्यात गाजला, पण त्याच्या नावाची पहिली कमाई आपल्या या गावातली.

या पलटणीबद्दल लिहिणारे शिस्तीबद्दल लिहितात, निष्ठेबद्दल लिहितात, इंग्रजांच्या कावेबाजपणाबद्दलही लिहितात. हाताबद्दल कुणी लिहीत नाही. तिरकामठ्याला डावी-उजवी बाजू नसते. डावरा माणूस तो उजव्या हातात धरतो आणि डाव्याने दोरी ओढतो, बस्स. कामठा ज्याने त्याने आपल्या उंचीचा आणि आपल्या वितीचा करून घ्यावा. तो टाकून जी बंदूक या माणसांनी हाती घेतली, ती मात्र एका बाजूची होती आणि एका मापाची होती. हाताने हत्याराशी जुळवून घ्यावं, हत्याराने हाताशी नाही, हा कवायती फौजांचा कायदा तेव्हापासून आजपर्यंत चालत आला आहे. त्याला पहिला धक्का बसतो आहे तो बंदुकीच्या एका अगदी छोट्या भागामुळे. तो म्हणजे सेफ्टीचा खटका. पोलीस आणि लष्करात त्याला ‘चेंज लिव्हर’ म्हणतात. हा खटका कोणत्या बाजूला असावा, किती लांब असावा, किती फिरावा आणि मोठ्या पंजाच्या माणसाने कोणता घ्यावा, या प्रश्नाचा हा आढावा.

सुरुवात चकमकीच्या बंदुकीपासून करावी लागते, कारण कंपनीच्या पलटणींत त्या काळी तीच होती. तिला वेगळा खटका नव्हताच. घोड्याच्या जबड्यात गारगोटी आवळलेली असे. घोडा अर्ध्यावर ओढला की आतला अडसर एका खोल खाचेत जाऊन बसे आणि चाप कितीही दाबला तरी घोडा सुटत नसे. ही झाली सेफ्टी. बंदूक अशीच, घोडा अर्ध्यावर ठेवून भरायची. नेम धरायच्या वेळी घोडा पूर्ण मागे ओढायचा. तिथली खाच उथळ, त्यामुळे चापाच्या हलक्या दाबानेही तो सुटे. वापरून वापरून अर्ध्यावरची खाच झिजली की मात्र ही सगळी सुरक्षा संपली, आणि झीज बाहेरून दिसत नाही. घोडा, रंजकाची वाटी आणि कान हे तिन्ही नळीच्या उजव्या अंगाला. बार उडताना कानातून उजवीकडे ज्वाळेची जीभ बाहेर पडे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा चेहरा तिच्यापासून सुरक्षित राही. डाव्या खांद्याला दस्ता लावला तर गाल आणि डोळा थेट रंजकाच्या बाजूला. म्हणून जगातल्या प्रत्येक कवायती फौजेने डावऱ्यालाही उजव्या खांद्यावरूनच मारायला शिकवलं. हौशी श्रीमंतांसाठी उलट्या अंगाच्या बंदुका क्वचित बनत. शिपायासाठी कुणी बनवल्या नाहीत.

पुढचं शतक इथे भरभर ओलांडलं तरी चालेल. टोपीची बंदूक आली, मागून भरायची आली, घोडा पोटात गेला. आपल्याकडे खरा मुक्काम पडला तो ली-एनफील्डवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या थ्री-नॉट-थ्रीवर. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात दशकानुदशकं बनली आणि पोलिसांच्या खांद्यावर एकविसाव्या शतकातही होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच होती. तिचा बोल्ट उजवीकडे, सेफ्टी मागच्या बाजूला डावीकडे. खटका मागे केला की बोल्ट आणि घोडा दोन्ही अडतात, पुढे केला की रायफल तयार. उजव्या हाताचा अंगठा दस्त्याच्या मानेवरून डावीकडे सरकवून तो फिरवता येतो आणि इथे लांब अंगठ्याचा माणूस फायद्यात असतो. आखूड अंगठ्याला पकड सैल करावी लागते. डावऱ्याची अडचण वेगळी. त्याला दर गोळीनंतर हात पलीकडे नेऊन बोल्ट ओढावा लागतो, म्हणून तोही निमूटपणे उजवा होतो.

मग एसएलआर आली. बेल्जियमच्या एफएएल रायफलीची ही ईशापुरी आवृत्ती. मूठ पिस्तुलासारखी खाली आली आणि चेंज लिव्हर तिच्या वर, डाव्या अंगाला, बरोबर उजव्या अंगठ्याखाली. वर सेफ, खाली फायर. माणसाच्या हाताचा विचार करून खटका बसवलेली आपल्या फौजेतली ही पहिली रायफल म्हणायला हरकत नाही, पण तो हात उजवाच. इन्सासही त्याच वळणाची. ती पुण्याच्या पाषाणमधल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, आखली आणि १९९९ च्या कारगिल युद्धात ती जवानांच्या हाती होती. तिच्या पाच पॉइंट पाच सहा मिलिमीटरच्या गोळ्यांचं नातं तर आपल्या जिल्ह्याशी आहे, कारण भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्यात त्या बनतात. इन्सासचा लांब खटका डावीकडे, कॉकिंगचा दांडाही डावीकडे. उजव्या माणसाला हे उत्तम. त्याचा उजवा हात मुठीवरून हलत नाही, डावा हात दांडा ओढतो. डावऱ्या शिपायाला मात्र चेंज लिव्हर फिरवायला एक तर तर्जनी वर न्यावी लागते, नाहीतर अंगठा मुठीवरून उचलून पलीकडे टाकावा लागतो. ज्या क्षणी हत्यार घट्ट धरायला हवं, त्याच क्षणी त्याची पकड सुटते. सरावाने जमतं, हे खरं. पण सरावाने जमतं म्हणून बरोबर आहे, असं म्हणणं मला पटत नाही.

एके रायफलीचा खटका या सगळ्यांपेक्षा निराळा. तो उजव्या अंगाला, लांबलचक पत्र्याचा. वर केला की सेफ, मधे स्वयंचलित, तळाशी एकेक गोळी. वर असताना तो बोल्टच्या वाटेची फट झाकतो, त्यामुळे धूळ आत जात नाही. शत्रूच्या मुलखात चिखलातून रांगणाऱ्या शिपायासाठी हे अमोल. हातासाठी मात्र तो गैरसोयीचा. अंगठा तिथे पोचत नाही, त्यामुळे मूठ सोडावी लागते किंवा डावा हात आणावा लागतो. इथे पंजाचं माप निर्णायक ठरतं. लांब बोटांचा माणूस मूठ न सोडता तर्जनी किंवा मधल्या बोटाने खटका खाली ढकलतो आणि लहान पंजाच्या माणसाला ते साधत नाही. म्हणून अलीकडच्या अनेक एके रायफलींच्या खटक्याला बोट टेकायला एक छोटा ओठ काढलेला असतो. काही डावऱ्यांना हा उजवीकडचा खटका उलट सोयीचा वाटतो, कारण त्यांचा अंगठा त्याच अंगाला येतो. आपल्या फौजेने २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार केला आणि त्या उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे बनतात. येत्या पिढीतल्या बहुसंख्य जवानांचा हात याच खटक्यावर घडणार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे. दोन्ही अंगांचा खटका आपल्याकडे मोठ्या संख्येने आला तो सिग-७१६ बरोबर. २०१९ मध्ये ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली गेली. ही रायफल अमेरिकन एआर घराण्यातली. त्या घराण्याचा मूळपुरुष यूजीन स्टोनर. त्याच्या आखणीत आणि पुढे व्हिएतनाममध्ये गेलेल्या एम-१६ मध्ये खटका एकाच, डाव्या अंगाला होता. डावऱ्यांची सोय नंतर, हळूहळू झाली. उजवीकडे उडणारं रिकामं काडतूस डावऱ्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून १९८० च्या दशकातल्या एम-१६ए२ ला फटीमागे एक छोटा उंचवटा दिला गेला आणि दोन्हीकडचा खटका अमेरिकी सैन्याच्या एम-४ए१ मध्ये त्याच्याही बऱ्याच नंतर आला. आज बाजारात या एका भागाचे डझनावारी प्रकार आहेत आणि जाहिरातीत प्रत्येक जण म्हणतो, दोन्ही हातांसाठी. हातांना डावं-उजवं असतं तसं मापही असतं, हे मात्र त्या जाहिरातींत क्वचितच सांगितलेलं असतं.

मोठ्या पंजाची खरी अडचण इथेच येते. उजव्या हाताचा, मोठ्या पंजाचा शिपाई डोळ्यांसमोर आणा. त्याने मूठ धरली आहे, अंगठा डाव्या अंगाला खटक्यावर, तर्जनी चापावर नाही तर उजव्या अंगाला सरळ लावलेली. सेफवर असताना खटक्याचे दोन्ही दांडे नळीच्या दिशेने आडवे असतात. तो अंगठ्याने डावा दांडा खाली ढकलतो. त्याबरोबर उजवा दांडाही खाली फिरतो आणि पाव वर्तुळ पुरं करून सरळ उभा होतो. लहान पंजाच्या माणसाच्या तर्जनीचं मूळ तिथून थोडं मागे किंवा खाली राहतं. मोठ्या पंजात मात्र तो जाड मूळ सांधा अगदी त्या वाटेवर बसलेला असतो. दांडा सांध्यावर आपटतो आणि अडतो. खटका अर्ध्यातच थांबतो. शिपायाला वाटतं फायरवर गेला, पण गेलेला नसतो. याच्या उलटही घडतं. पकड बदलताना तोच सांधा दांड्याला खालून ढोसतो आणि फायरवरचा खटका सेफकडे सरकतो. हातमोजे घातले की जाडी वाढते आणि त्रास दुप्पट होतो. याचा अर्थ, डावऱ्यासाठी बसवलेला दुसरा दांडा मोठ्या हाताच्या उजव्या माणसाला जाचक होऊ शकतो, आणि डावऱ्या मोठ्या पंजालाही, फक्त बाजू बदलून.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. पहिला म्हणजे दोन दांडे सारख्या लांबीचे न ठेवणं. अंगठ्याच्या बाजूचा दांडा नेहमीच्या लांबीचा आणि माथा रुंद, म्हणजे घामेजल्या अंगठ्यालाही तो सापडतो. पलीकडचा आखूड, पातळ आणि कडा मोडलेला, म्हणजे तर्जनीच्या मुळाला लागत नाही. चांगल्या प्रकारांत दांडे सुटे असतात आणि शस्त्रकारागीर ते डावऱ्यासाठी अदलाबदल करून बसवू शकतो. माझ्या मते मोठ्या पंजाने पाहायची पहिली गोष्ट हीच. मोठा हात म्हणून मोठा खटका, हा दुकानात सहज पटणारा हिशेब इथे चुकतो. लांब अंगठा आखूड दांड्यापर्यंतही पोचतो. त्याला जागा हवी असते, जास्तीचं लोखंड नाही.

दुसरा उपाय फिरण्याचा कोन कमी करणं. नव्वद अंशांऐवजी साठ किंवा पंचेचाळीस अंशांतच खटका फायरवर जातो. पलीकडचा दांडा मग सांध्यापर्यंत उतरतच नाही. अंगठ्यालाही कमी फिरावं लागतं. याच्या विरोधातही एक बोलणं आहे आणि ते मला वजनदार वाटतं. नव्वद अंशांत आडवा दांडा म्हणजे सेफ, उभा म्हणजे फायर, हे अंधारात नुसत्या स्पर्शाने कळतं. पंचेचाळीसमध्ये दोन जागांतला फरक बोटाला कमी जाणवतो आणि रायफलीवर कोरलेल्या खुणांशी दांडा जुळतही नाही. एका ठाण्यात पाच जण तेच हत्यार आळीपाळीने घेत असतील तर हा गोंधळ धोक्याचा आहे. म्हणून एकट्याच्या हत्याराला साठ अंश मोठ्या पंजासाठी मला सर्वांत योग्य वाटतात, पण सामायिक हत्याराला नव्वदच ठेवावेत आणि पलीकडचा दांडा आखूड करावा.

तिसरी गोष्ट कोनाची नाही, आवाजाची आणि झटक्याची. खटक्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली एक पिन खाचेत उतरते आणि टक् असं बोटाला जाणवतं. मोठ्या, जोरकस हाताला ही टक् ठसठशीत हवी. ती मऊ असेल तर अंगठ्याच्या नकळत घासण्याने खटका सरकतो. चकमकीच्या बंदुकीतली झिजलेली खाच आणि ही मऊ पिन यांचा दोष एकच, दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. अंगठा दांड्यावर टेकून ठेवावा की खाली, यावरही शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. मोठ्या पंजाला टेकून ठेवणं सोपं जातं आणि बहुतेक वेळा तेच सुरक्षित, कारण फायरवरून सेफवर यायला अंगठा आधीच जागेवर असतो. परत सेफवर न्यायला उजव्या माणसाची तर्जनीही कामी येते. पलीकडचा दांडा ती खालून वर उचलते. म्हणजे दोन्ही अंगांचा खटका ही केवळ डावऱ्यांची सवलत नाही, उजव्यालाही तो लाभतो, माप बरोबर असेल तर.

हात कोणता हा प्रश्न सोडवला तरी डोळा राहतोच. जगात साधारण दहा टक्के लोक डावरे, पण डावा डोळा प्रबळ असलेले सुमारे एक तृतीयांश. म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या, जेवणाऱ्या, नांगर धरणाऱ्या कितीतरी माणसांनी नेम डाव्या डोळ्याने धरावा, असं त्यांचं शरीरच सांगत असतं. चाचणी सोपी आहे. दोन्ही तळवे लांब धरून मधे छोटी फट ठेवा, दूरची एक खूण फटीतून पाहा आणि एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर खूण नाहीशी होते, तो तुमचा प्रबळ डोळा. भरतीच्या मैदानावर छाती मोजतात, उंची मोजतात. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी नेमबाजीच्या पहिल्या तासाला प्रत्येकाची झाली पाहिजे.

ब्रिटनचं उदाहरण इथे डोळ्यांत अंजन घालणारं आहे. त्यांची एसए-८० ही रायफल आखूड करण्यासाठी चापाच्या मागे यंत्र बसवलेली आहे, त्यामुळे रिकामं काडतूस थेट गालाशेजारून उडतं. ती फक्त उजव्या खांद्यावरूनच मारता येते. आधुनिक म्हणवणाऱ्या फौजेत डावरा शिपाई आजही १८२५ च्या शिपायासारखाच सक्तीने उजवा होतो. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगने त्याच धाटणीत अंग बदलण्याची सोय कधीच दिली होती. म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हता, मागणी लिहिणाऱ्याचा होता.

खेळात चित्र कितीतरी वेगळं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य आणलं. या दर्जाच्या खेळात मूठ, गालपट्टी, दस्ता हे सगळं खेळाडूच्या अंगाला बेतून घेतलं जातं, आणि जर्मन कारखाने डावऱ्यांसाठी अख्खी रायफलच उलट्या अंगाने घडवतात. तिथे सुरक्षेची भिस्त खटक्यावर नसते. गोळीबार नसताना प्रत्येक रायफलीच्या नळीत रंगीत फ्लॅग घातलेला दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. कुणाच्या अंगठ्यावर विसंबायचं नाही, लांबून डोळ्याला दिसलं पाहिजे. हा धडा पोलीस मैदानांनीही घ्यावा.

आता परवानाधारकांविषयी थोडं. एआर धाटणीची रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे वर सांगितलेले सुटे खटके त्यांच्या कामाचे नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांपासून शेत राखणाऱ्याकडे असते बारा बोअर. दुनळीची सेफ्टी नळ्या उघडायच्या दांड्यामागे, मधोमध, दस्त्याच्या मानेवर असते. डावा अंगठा असो की उजवा, लांब असो की आखूड, सगळ्यांना सारखीच सापडते. बऱ्याच दुनळ्यांत बंदूक उघडली की ती आपोआप सेफवरही जाते. दोन्ही हातांचा खटका म्हणून ज्याची आज एवढी चर्चा होते, ते उत्तर या जुन्या बंदुकीने कधीच देऊन ठेवलं आहे. पंप बंदुकांत मात्र जपून निवड करावी. काहींची सेफ्टी चापाच्या कडीत आडवी ढकलायची असते आणि ती डावऱ्याला उलटी पडते. माथ्यावर सरकणारी सेफ्टी असलेला प्रकार मिळाला तर तोच घ्यावा. तीनशे पंधराच्या देशी रायफली ली-एनफील्डच्या घराण्यातल्या, त्यामुळे त्यांचे गुण-दोष वर आलेच आहेत.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कोणताही खटका, कितीही चांगला, यंत्रच असतो आणि यंत्र झिजतं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर, हे दोन नियम पाळले तर खटका बिघडला तरी माणूस वाचतो. ते मोडले तर चांगला खटकाही वाचवेलच असं नाही. आणि सरकारी हत्याराचा खटका कुणी स्वतः उघडू नये, बदलू नये. ते काम आरमोररचं.

निवड करणाऱ्यांसाठी शेवटचं. हाताची मापं आपल्याकडे नाहीत असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्यात हाताचीही मापं आहेत. एआरडीईने २०२४ च्या जानेवारीत उग्रम ही नवी रायफल पुण्यात दाखवली, म्हणजे आखणारे हात आपल्याच राज्यात आहेत. धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलासारख्या गटांमध्ये दररोज हत्यार हाताळणारे शेकडो जवान आहेत. नवी रायफल चाचणीला येईल तेव्हा तिच्याबरोबर उत्तम नेमबाजांची टोळी पाठवून भागणार नाही. त्या चाचणीत गटातला सर्वांत मोठ्या पंजाचा जवान, सर्वांत लहान पंजाची महिला शिपाई आणि निदान दोन डावरे असलेच पाहिजेत, हातमोज्यांसह आणि हातमोज्यांविना. त्यांनी रिकाम्या रायफलीवर खटका शंभर वेळा खाली-वर करावा आणि कुठे अडतो ते लिहून द्यावं. निविदेच्या कागदात ‘दोन्ही अंगांचा खटका’ एवढे तीन शब्द पुरेसे नाहीत. पलीकडच्या दांड्याची लांबी, फिरण्याचा कोन आणि दांडे अदलाबदल करता येतील की नाही, हे तिथे आकड्यांत लिहिलेलं असावं, एवढी मागणी पोलीस दलांनी आणि त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आता करावी.